शून्य टक्के शक्यतेची पेटी

दक्षिण कोरियातल्या नेक्सॉन कंपनीचा 'मेपलस्टोरी' हा गेम 2003 साली सुरू झाला. गोड, बुटक्या पात्रांचा, रंगीत जगाचा हा गेम तिथल्या एका अख्ख्या पिढीने शाळेतून आल्यावर खेळला आहे. त्यात पात्राच्या तलवारीला, टोपीला, हातमोज्यांना काही सुप्त गुण असतात. एकेका वस्तूला तीन गुण. ते आवडले नाहीत तर पैसे देऊन एक 'क्यूब' विकत घ्यायचा, तो वस्तूवर वापरायचा, की जुने गुण पुसले जाऊन तीन नवे गुण येत असत. कोणते येतील ते नशिबावर. मनासारखे आले नाहीत तर पुन्हा क्यूब. पुन्हा पैसे.

क्यूब मे 2010 मध्ये विक्रीला आला. सुरुवातीला सगळे गुण सारख्याच शक्यतेने येत होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने आतले गणित बदलले. लोकांना हवे असलेले गुण कमी वेळा येतील, नको असलेले जास्त वेळा, अशी रचना केली आणि ते कोणालाही सांगितले नाही. ऑगस्ट 2011 मध्ये आणखी एक बदल झाला. मोठ्या 'बॉस' शत्रूवर जास्त मारा करणारा गुण तिन्ही जागी एकदम मिळावा, हे गंभीर खेळाडूंचे स्वप्न असे. तसे काही मोजके संयोग कंपनीने अशक्य करून टाकले. शक्यता कमी केली नाही, शून्य केली. आणि त्याच सुमारास क्यूबच्या कामात काहीही बदल झालेला नाही, अशी सूचना खेळाडूंना दिली.

यापुढची साडेनऊ वर्षे लोक त्या शून्यासाठी पैसे भरत राहिले. दोन जागी चांगले गुण आले, तिसरा हुकला, म्हणजे अगदी जवळ पोहोचलो, असे वाटून पुढचा क्यूब घेत राहिले. जवळ असे काही नव्हतेच.

हे बाहेर आले ते 2021 च्या सुरुवातीला. गेममधल्या दुसऱ्या एका यंत्रणेबद्दल कंपनीने जाहीर केले की इथून पुढे सगळे गुण सारख्या शक्यतेने येतील. खेळाडूंनी सरळ प्रश्न विचारला, म्हणजे आजवर येत नव्हते? संताप इतका वाढला की खेळाडूंनी वर्गणी काढून एलईडी फलक लावलेले ट्रक कंपनीच्या कार्यालयासमोर आणि सोलच्या संसदेसमोर उभे केले. हजारो जण गेम सोडून गेले. अखेर मार्चमध्ये कंपनीने क्यूबची आकडेवारी खुली केली आणि ते शून्य सर्वांना दिसले. जानेवारी 2024 मध्ये कोरियाच्या फेअर ट्रेड कमिशनने नेक्सॉनला 11.6 अब्ज वॉन दंड केला. ई-कॉमर्स कायद्याखाली तोवर झालेला हा सर्वांत मोठा दंड होता. त्या काळात शक्यता जाहीर करण्याचे बंधन कोणत्याही कायद्याने घातलेले नव्हते, असे कंपनीचे म्हणणे होते. ते खरेच होते, आणि मला वाटते की या सगळ्या प्रकरणातली सर्वांत गंभीर गोष्ट तीच आहे. ग्राहक दहा वर्षे एक वस्तू विकत घेतो, ती वस्तू आत नाहीच, आणि ते सांगण्याचे बंधन विकणाऱ्यावर नाही.

लूट बॉक्स, क्रेट, पॅक, गाचा अशी वेगवेगळी नावे असलेला हा प्रकार सगळीकडे सारखाच आहे. खरे पैसे द्यायचे, बंद पेटी घ्यायची, आत काय आहे ते उघडल्यावर कळणार. ही पेटी न्याय्य आहे का, या प्रश्नावर चर्चा बहुतेक वेळा 'हा जुगार आहे की नाही' या वादात अडकते. तो वाद महत्त्वाचा आहे, त्याकडे येऊच. पण त्याआधीचा प्रश्न साधा बाजारातला आहे. वजनकाटा खरा आहे की नाही हे कोण तपासतो?

गेममधली खरेदी पहिल्यापासून अशी आंधळी नव्हती. एप्रिल 2006 मध्ये 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये घोड्यासाठी चिलखत अडीच डॉलरला विकायला ठेवले, तेव्हा खेळाडूंनी त्याची यथेच्छ टर उडवली. पण तिथे निदान समोर दिसत होते ते मिळत होते. आंधळ्या खरेदीची वाट जपानमधून आली. तिथे दुकानांबाहेर नाणे टाकून दांडा फिरवला की खेळण्याची डबी बाहेर पडते अशी यंत्रे असतात. त्या यंत्राच्या नावावरूनच गेममधल्या सोडतीला गाचा म्हणू लागले. मोबाईल आल्यावर तिथल्या कंपन्यांनी त्यात एक जास्तीचा पेच घातला. सोडतीत मिळणाऱ्या ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमवला तरच दुर्मीळ बक्षीस मिळणार.

हा पेच किती खोल आहे ते थोडे गणित केल्याशिवाय उमगत नाही. समजा संचात दहा वस्तू आहेत आणि प्रत्येक वस्तू सारख्याच शक्यतेने निघते. पहिल्या पाच वस्तू सरासरी सहा-सात सोडतींत हाती येतात. मुलाला वाटते, अर्धे काम झाले. प्रत्यक्षात उरलेल्या पाच वस्तूंसाठी सरासरी आणखी तेवीस सोडती लागतात, आणि त्यातल्या एकट्या शेवटच्या वस्तूसाठी दहा. कारण संच भरत जातो तसतशी निघणारी वस्तू बहुतेक वेळा आपल्याकडे आधीच असलेली असते. पहिले पैसे खर्च झालेले असतात आणि 'आता एकच राहिली' ही भावना सर्वांत महागड्या टप्प्यावर सर्वांत तीव्र असते. ही रचना करणाऱ्यांना हे गणित माहीत असते. समोरच्या बारा वर्षांच्या मुलाला माहीत नसते.

मे 2012 मध्ये जपानच्या ग्राहक व्यवहार विभागाने ही संच जमवण्याची पद्धत बेकायदा ठरवली. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. ग्राहकांना बक्षिसांचे आमिष दाखवण्यावर मर्यादा घालणाऱ्या जुन्या कायद्यात, वेगवेगळी कार्डे जुळवल्यावर बक्षीस देण्यावर आधीच बंदी होती. बातमी येताच ग्री आणि डीएनए या दोन मोठ्या कंपन्यांचे शेअर कोसळले. या पद्धतीवर कमाईचा किती डोलारा उभा होता याचा तोच पुरावा.

साधी सोडत मात्र चालूच राहिली. 2016 च्या नववर्षात 'ग्रॅनब्लू फँटसी' या गेममध्ये एक नवे पात्र मर्यादित काळासाठी आले. ते मिळवण्यासाठी एका खेळाडूने सर्वांसमोर थेट प्रक्षेपण करत सुमारे 6 लाख 80 हजार येन खर्च केले, दोन हजारांहून जास्त वेळा सोडत काढली. गदारोळ झाल्यावर कंपनीने कमाल मर्यादा आणली. 300 सोडती झाल्या की हवे ते पात्र निवडून घ्या. आज बहुतेक गाचा गेममध्ये अशी काही ना काही हमी असते. पण मर्यादेची रक्कम पाहा. एका सोडतीचे 300 येन धरले तर 90 हजार येन. एका चित्रासाठी.

शक्यता जाहीर केली म्हणजे प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटते. चीनने मे 2017 पासून ते बंधनकारक केले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ॲपलने आपल्या ॲप स्टोअरसाठी तसा नियम केला, 2019 मध्ये गूगलने केला. चीनच्या नियमामुळेच जगाला 'काउंटर-स्ट्राइक' या गेममधल्या पेट्यांचे आकडे कळले. त्या पेटीतून चाकू किंवा तसली अतिदुर्मीळ वस्तू निघण्याची शक्यता 0.26 टक्के आहे. पेटी उघडायची किल्ली जवळपास अडीच डॉलरची. म्हणजे सरासरी 385 पेट्या, साधारण 950 डॉलर. आणि ही सरासरी आहे, हमी नाही. 385 पेट्या उघडल्यावरही शंभरातल्या सदतीस जणांच्या हाती काहीच लागलेले नसते.

इथे बहुतेकांची सहजबुद्धी चुकते, शिकलेल्या माणसांचीही. एक टक्का शक्यता म्हटले की मनात येते, शंभर वेळा काढली की एक मिळणारच. खरे उत्तर असे की शंभर सोडतींनंतर किमान एकदा मिळालेले असण्याची शक्यता 63 टक्के. हमी नसलेल्या सोडतीला मागची आठवण नसते. नव्व्याण्णव वेळा हुकले म्हणून शंभराव्या वेळी ती दया दाखवत नाही. बारावीच्या गणितात हे येते. गेममध्ये ते सातवीतल्या मुलासमोर ठेवले जाते, ओळीने घसरत जाणाऱ्या रंगीत चित्रांसोबत, आणि चित्रे कधी कधी अशी थांबतात की चाकू एकाच घराने हुकला असे दिसावे. निकाल मात्र बटण दाबले तेव्हाच ठरलेला असतो. मधली घसरगुंडी फक्त डोळ्यांसाठी.

त्यातच पैशाचा चेहरा झाकलेला असतो. 'गेन्शिन इम्पॅक्ट'मध्ये पंचतारांकित पात्र निघण्याची मूळ शक्यता 0.6 टक्के आहे, नव्वदाव्या सोडतीला हमी. पण निघालेले पात्र हवे तेच असेल असे नाही. ते दुसरे निघाले तर पुढच्या खेपेस नक्की, म्हणजे वाईटात वाईट 180 सोडती. एका सोडतीला 160 रत्ने लागतात, म्हणजे 28,800 रत्ने. ही रत्ने थेट विकत मिळत नाहीत. आधी पैशांनी एक स्फटिक घ्यायचा, त्याची रत्ने करायची, रत्नांचे सोडतीचे तिकीट करायचे. गठ्ठेही असे की हवे तेवढेच सहसा मिळत नाही, थोडे उरतात आणि ते उरलेले पुढच्या खरेदीला बोलावतात. सोडत काढताना आपण नेमके किती पैसे टाकतो आहोत हे मनातल्या मनात सांगू शकेल असा खेळाडू विरळाच. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या गेमच्या प्रकाशकांवर कारवाई केली, त्यात या अनेक थरांच्या चलनावरही बोट ठेवले होते. प्रकाशकांनी 2 कोटी डॉलर भरण्याचे आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय पेट्या न विकण्याचे मान्य केले.

कंपन्यांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. गेम बनवायला आणि वर्षानुवर्षे चालवायला प्रचंड खर्च येतो. कोट्यवधी लोक तो फुकट खेळतात, कारण कोणीतरी पेट्या विकत घेते. नुसत्या दिसण्याच्या वस्तू असतील तर न घेणाऱ्याचे काही बिघडत नाही. हा युक्तिवाद मला अर्धा पटतो. ज्या गोष्टीने खेळात ताकद वाढते ती विकणे आणि कपडे विकणे यांत फरक आहे. 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2' आला तेव्हा, नोव्हेंबर 2017 मध्ये, लोक खवळले ते याच कारणाने. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या गेममध्ये डार्थ व्हेडरसारखे पात्र खुले करायला एका खेळाडूच्या हिशेबाने चाळीसेक तास लागणार होते, आणि पेट्यांतून लढण्याची ताकद विकली जात होती. प्रकाशक इलेक्ट्रॉनिक आर्ट्सला अधिकृत प्रकाशनाच्या आदल्या दिवशी सगळी खरेदी बंद करावी लागली.

याच कंपनीच्या प्रतिनिधीने 2019 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर सांगितले की या पेट्या म्हणजे आत खेळणे असलेल्या चॉकलेटच्या अंड्यासारखे सुखद आश्चर्य आहे. तुलना सुटसुटीत आहे, पण ती टिकत नाही. चॉकलेटचे अंडे तुम्हाला ओळखत नाही. काल किती अंडी घेतली, कोणत्या खेळण्यावर नजर होती, रात्री किती वाजता हरून चिडला होतात, हे त्याला माहीत नसते. गेमला ते सगळे माहीत असू शकते. ॲक्टिव्हिजन कंपनीला ऑक्टोबर 2017 मध्ये अमेरिकेत एक पेटंट मिळाले. एखाद्या खेळाडूला विशिष्ट बंदूक घ्यावीशी वाटावी म्हणून ती बंदूक असलेल्या तरबेज खेळाडूशी त्याची जोडी कशी लावावी, याची पद्धत त्यात आहे. ही पद्धत कोणत्याही गेममध्ये वापरलेली नाही, असे कंपनीने सांगितले. पण असा विचार कोणीतरी बारकाईने करून तो कागदावर नोंदवला होता, हे तर खरे.

तुलना करायचीच तर आपल्या कोपऱ्यावरच्या लॉटरीच्या टपरीशी करावी. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासून चालू आहे. लॉटरी चांगली असे मी म्हणत नाही, तिने उद्ध्वस्त झालेली घरे आपण पाहिली आहेत. पण 1998 च्या केंद्रीय लॉटरी कायद्याने काही किमान गोष्टी बांधून घातल्या. तिकिटावर राज्याचा शिक्का हवा, सोडत राज्याने स्वतः आणि राज्यातच काढली पाहिजे, एकआकडी लॉटरी चालणार नाही. बक्षिसे किती आणि कोणती हे तिकीट विकण्याआधी ठरलेले असते, आणि विक्री सुरू झाल्यावर पहिले बक्षीस गुपचूप काढून टाकता येत नाही. गेममधल्या पेटीला यातले एकही बंधन जन्मतः नसते. सोडत काढणारा, तिकीट विकणारा आणि निकाल लिहिणारा एकच, आणि चिठ्ठ्यांचा डबा त्याच्याच घरात.

आता जुगाराचा प्रश्न. डेव्हिड झेंडल आणि पॉल केर्न्स या संशोधकांनी 2018 मध्ये सात हजारांहून जास्त गेमर्सची पाहणी केली. ज्यांना जुगाराचा त्रास जास्त, त्यांचा पेट्यांवरचा खर्चही जास्त, असा स्पष्ट संबंध त्यांना आढळला. पुढच्या अनेक पाहण्यांतही तो आढळला. पेट्यांमुळे जुगाराची सवय लागते की जुगारी वृत्तीची माणसे पेट्यांकडे ओढली जातात, हे यातून ठरत नाही. पण न्यायाच्या दृष्टीने दोन्ही उत्तरे सारखीच अस्वस्थ करणारी आहेत. पहिले खरे असेल तर कंपनी आजार निर्माण करते आहे, दुसरे खरे असेल तर आधीच्या आजारातून पैसा काढते आहे. 'कोट्यवधी लोक फुकट खेळतात' या वाक्याचा दुसरा अर्धा भाग इथे आहे. त्यांच्या फुकट खेळाचे बिल कोण भरतो? सगळेच हौशी श्रीमंत नसतात. स्वतःला थांबवता न येणारी माणसे त्यांत मोठ्या संख्येने आहेत.

बेल्जियमने सर्वांत कडक पाऊल उचलले. एप्रिल 2018 मध्ये तिथल्या जुगार आयोगाने फिफा 18, ओव्हरवॉच आणि काउंटर-स्ट्राइक या गेममधल्या पैसे देऊन घ्यायच्या पेट्या जुगार ठरवल्या. परवान्याशिवाय जुगार चालवणाऱ्याला तिथे लाखो युरोंचा दंड आणि तुरुंगवासही होऊ शकतो. जानेवारी 2019 पासून पॅक घेण्यासाठी लागणारे फिफाचे पॉइंट तिथे विकणे बंद झाले. शेजारच्या नेदरलँड्समध्ये मात्र फिफाच्या पॅकसाठी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सला ठोठावलेला 1 कोटी युरोंचा दंड सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मार्च 2022 मध्ये रद्द केला. पॅक हा स्वतंत्र खेळ नसून मोठ्या कौशल्याच्या खेळाचा भाग आहे, असे त्या न्यायालयाचे मत पडले. आणि बेल्जियमची बंदी? लिऑन शाओ या संशोधकाने तिथले सर्वाधिक कमाईचे शंभर आयफोन गेम तपासले, तर त्यांतल्या 82 गेममध्ये पैसे देऊन आंधळी सोडत काढता येत होती. कायदा होता, पण प्रत्येक गेम उघडून पाहायला माणसे नव्हती. खेळाडूंचा दबावही कायमचा पुरत नाही. ओव्हरवॉचने 2022 मध्ये दुसऱ्या आवृत्तीत पेट्या काढल्या, 2025 मध्ये पुन्हा आणल्या.

आपल्याकडे हा विषय दूरचा राहिलेला नाही. सोलापूर असो की सावंतवाडी, दहावीतल्या कोणत्याही मुलाला यूसी आणि डायमंड ही गेममधली चलने म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. बीजीएमआय या गेममध्ये यूसी टॉप-अप करून क्रेट उघडायचे, फ्री फायर मॅक्समध्ये डायमंड घालून चक्र फिरवायचे. यूट्यूबवर क्रेट ओपनिंगचे व्हिडिओ चालतात, त्यात लाल-सोनेरी स्किन, म्हणजे पात्राचा किंवा बंदुकीचा नवा साज, निघाल्याचा क्षण दिसतो. ज्यांना काही निघाले नाही त्यांचे व्हिडिओ कोण बघणार? पैसे आईच्या फोनवरच्या यूपीआयमधून जातात किंवा दुकानातून घेतलेल्या रिडीम कोडमधून. पालकांना शंभर-दोनशेचे व्यवहार दिसतात, त्यांची बेरीज दिसत नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. पैसे लावून पैसे किंवा 'इतर लाभ' जिंकण्याचे खेळ त्याने बंद केले, आणि मुंबईच्या ड्रीम11 ला पैशांच्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या. पण पेट्यांचा स्वतंत्र उल्लेख त्या कायद्यात नाही. स्किन ही 'इतर लाभा'त मोडते का, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतात. त्याआधी, नोव्हेंबर 2023 मध्ये, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांवर मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी घाई निर्माण करणे हा त्यातला एक प्रकार. 'फक्त आजच, उरले सहा तास' असे घड्याळ दाखवून पुढच्या महिन्यात तीच स्किन परत आणणाऱ्या क्रेटला ही तत्त्वे लावून पाहायला हरकत नसावी.

माझ्या मते सरसकट बंदीपेक्षा तपासणीची मागणी आपण आधी करायला हवी. कोरियाने मार्च 2024 पासून शक्यता जाहीर करणे कायद्याने बंधनकारक केले. आपण आणखी एक पाऊल पुढे जावे. जाहीर केलेला आकडा आणि प्रत्यक्ष निघालेल्या वस्तू यांचा ताळा बाहेरच्या लेखापरीक्षकाने दरवर्षी घ्यावा, जसा बँकेचा घेतात. आकडा बदलला तर बदलाची तारीख आणि जुना आकडा दोन्ही दिसावेत. किंमत यूसीत आणि डायमंडमध्ये लिहा, पण बाजूला रुपयांतही लिहा, आणि हवी ती वस्तू मिळेपर्यंत सरासरी किती रुपये लागतील तेही लिहा. अठरा वर्षांखालच्या खात्याला बंद पेटी विकूच नये, त्याला जे हवे ते उघड किमतीला मिळावे. यातली एकही गोष्ट तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. कोणत्या खेळाडूने कधी काय उघडले आणि त्याला काय मिळाले, याची नोंद प्रत्येक कंपनीच्या सर्व्हरवर आजही असते.